जोशींचा वाढदिवस

देवानं माणसाला दोन डोळे दिले ते दुसऱ्याच्या घराला लागलेली आग नीट दिसावी म्हणून, असं माझं जुनं मत आहे. आपल्या घरातला धूर कळायला नाक लागतं, आणि नाक आपण बहुतेक वेळ दुसऱ्याच्या भानगडीत खुपसून ठेवलेलं असतं. त्यामुळं जगावर जेवढी म्हणून संकटं आली तेवढी सगळी ‘आपल्याकडं काय येतंय!’ या वाक्यानंतर लगेच आली आहेत. इतिहासाच्या पुस्तकांत सनावळ्या असतात, तह असतात, लढायांचे नकाशे असतात. पण या वाक्याचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. तो मी लिहायला घेतलाय. सगळा लिहायचा तर जन्म पुरायचा नाही, म्हणून एकच शाखा धरतो: कंप्युटर आणि त्याला होणारा रोग.

आता टेंभुर्णीच्या माणसानं हे काम का करावं? तर या विषयात आमचा अधिकार मोठा आहे. टेंभुर्णी हे हमरस्त्यावरचं गाव. पुण्याहून सोलापूरला जाणारं सगळं काही आमच्या अंगावरून जातं. पंढरपूरला, अकलूजला, कुर्डुवाडीला फाटे फुटतात तेही इथूनच. उसाचे ट्रॅक्टर, केळीचे ट्रक, मंत्र्यांच्या लाल दिव्याच्या गाड्या (दिवे २०१७ साली गेले, मंत्री राहिले), वऱ्हाडाच्या लक्झऱ्या, असं सगळं येतं आणि जातं. त्यामुळं आमचा एक स्वभाव बनलाय. जे येतं ते पुढं जातं! ते पुण्याचं असतं नाहीतर सोलापूरचं असतं, आपलं नसतं. फक्त एक गोष्ट आम्ही विसरतो की पुढं जाणारा प्रत्येक जण चौकात चहाला थांबतो.

कंप्युटरचा व्हायरस नेमका असाच हिंडतो.

आमच्या गावात कंप्युटर आला तेव्हा त्याचा मान नवरीसारखा होता. त्याच्या खोलीला पडदा होता आणि दाराबाहेर पाटी होती, ‘चप्पल बाहेर काढा’. एका पोरानं विचारलं, ‘‘सर, चपला कशाला?’’ तर शिकवणारे गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, ‘‘धुळीतनं व्हायरस येतो.’’ त्यानंतर शाळेतली पोरं अनवाणी पायांनी आणि खिशात फ्लॉपी घालून आत जाऊ लागली. पाय स्वच्छ होते. फ्लॉपी कुठं कुठं जाऊन आली होती ते कुणी विचारलं नाही.

तर इतिहास. यातला आपला, म्हणजे मराठी कानाला घरचा वाटणारा पहिला मानकरी म्हणजे जोशी. चमकू नका. १९९० साली हिंदुस्थानात एक व्हायरस सापडला, त्याचं नावच ‘जोशी’. फ्लॉपीवरून यायचा आणि कंप्युटर चालू होताना पहिल्यांदा जी जागा वाचली जाते तिथंच जाऊन बसायचा, म्हणजे उंबऱ्यावरच. वर्षभर कुणाला पत्ता लागायचा नाही. पण ५ जानेवारी उजाडली की कंप्युटर अडून बसायचा आणि पडद्यावर फर्मान काढायचा, की ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. तुम्ही निमूटपणे टाइप केलंत, तर जोशी खूश व्हायचे आणि काम पुढं चालू द्यायचे. लग्नातल्या रुसलेल्या व्याह्याची यापेक्षा हुबेहूब नक्कल मी पाहिलेली नाही.

बरं, त्या जोशीबुवांनी पुढं येऊन कधी पेढे वाटले नाहीत. पण त्यांचा प्रताप पाहा. कंप्युटर अडला की तीन बटणं एकदम दाबून तो पुन्हा सुरू करायचा, हा त्या काळचा रामबाण उपाय. जोशींना तो बाण लागायचाच नाही. तीन बटणं दाबली तरी ते आतल्या आत पाय पसरून बसलेलेच. पाहुण्याला ‘‘बरंय मग, भेटू पुन्हा’’ म्हणावं आणि त्यानं ‘‘चहा टाका’’ म्हणावं, तसं. वीजच तोडावी आणि मग स्वच्छ फ्लॉपीवरून कंप्युटर उठवावा तेव्हा कुठं ते हलायचे. या जोशींनी नुसत्या हिंदुस्थानात नाही, आफ्रिकेपर्यंत मजल मारली. मराठी माणूस धंद्यासाठी बाहेर पडत नाही म्हणतात ते खोटं आहे. मात्र त्याला वाढदिवसाचं निमित्त लागतं.

जोशींच्या आधी चार वर्षं लाहोरात हा प्रकार झाला होता. १९८६ साली बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस सोडला. आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या चोरून नकला होतात, तर चोराला अद्दल घडवावी, हा त्यांचा हेतू. आणि गंमत अशी की त्या व्हायरसात त्यांनी स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि टेलिफोन नंबर लिहून ठेवला होता. घरफोडी करून जाताना ओट्यावर व्हिजिटिंग कार्ड ठेवणारे चोर इतिहासात हे एकच. पुढं परदेशातून फोन यायला लागले तेव्हा आपली फ्लॉपी कुठवर पोचली याचं भावांनाच आश्चर्य वाटलं.

मग अशा वेळी शहाणी माणसं काय म्हणत होती? शहाणी माणसं म्हणत होती, ‘आपल्याकडं काय येतंय!’ अमेरिकेत पीटर नॉर्टन नावाचे कंप्युटर दुरुस्तीतले मोठे वैद्य होते. त्यांनी १९८८ साली सांगून टाकलं की हे व्हायरस वगैरे म्हणजे न्यूयॉर्कच्या गटारात मगरी आहेत म्हणतात त्यातलाच प्रकार, लोककथा. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याच्या एका प्रोग्रॅमनं तिकडचे हजारो कंप्युटर एका रात्रीत आडवे केले. आणि दोन-तीन वर्षांत बाजारात व्हायरस मारण्याचं जे औषध आलं, त्याच्या खोक्यावर नाव होतं नॉर्टन. मगर नाही म्हणणाऱ्यानंच जाळं विकायला काढलं. धंदा असा करावा.

आपल्याकडं मात्र हे काम लोककथा वगैरे न म्हणता झालं, हे अभिमानानं सांगितलं पाहिजे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. त्यांचा धाकटा भाऊ संजय कंप्युटर शिकत होता. दुकानात दुरुस्तीला येणारे कंप्युटर बिघडलेले कमी आणि आजारी जास्त, असं दिसल्यावर धाकट्यानं औषध लिहिलं, थोरल्यानं ते विकलं, आणि १९९५ साली ‘क्विक हील’ निघालं. लाहोरचे दोन भाऊ रोग सोडतात आणि रहिमतपूरचे दोन भाऊ औषध काढतात, ही गोष्ट कादंबरीत लिहिली तर संपादक ‘अतिशयोक्ती’ म्हणून परत पाठवेल.

पण औषध आलं आणि आमचा निर्धास्तपणा दुप्पट झाला! आधी ‘आपल्याकडं काय येतंय’ होतं, आता ‘आपल्याकडं आलं तरी काय होतंय’ झालं. गेली वीस-पंचवीस वर्षं मी गावातल्या निर्धास्त लोकांचा अभ्यास करतोय. त्यांचे ढोबळ चार पंथ पडतात.

पहिला पंथ अनुभववाद्यांचा. याचे आचार्य आमच्या चौकातले झेरॉक्सवाले मामा. दिवसभर येईल त्याचा पेनड्राइव्ह घेतात, खुपसतात, छापतात, परत देतात. एकदा मी म्हटलं, ‘‘मामा, सगळ्यांचे ड्राइव्ह एकाच भोकात घालता, काही होत नाही का?’’

‘‘काय न्हाय होत वो मास्तर. रोज शंभर घालतो. व्हायचं असतं तर आत्तापतुर झालं नसतं का?’’

‘‘मग हे फोल्डरवर बाण कसले आलेत?’’

‘‘त्यो आपल्या दुकानचा शिक्काच समजा. बाण दिसला की वळखायचं, ड्राइव्ह मामाकडनं गेलाय.’’

यावर काय बोलणार! देवी, कॉलरा, प्लेग यांच्या साथीत औषध टोचून घ्यायला नको म्हणणाऱ्यांचंही हेच म्हणणं असायचं, की व्हायचं असतं तर आत्तापर्यंत झालं असतं. हे वाक्य मरेपर्यंत बरोबरच ठरतं, हा त्याचा मोठा गुण.

दुसरा पंथ सोवळ्यांचा. ‘‘आमचा कंप्युटर नेटला जोडलेलाच नाही.’’ हे इतक्या पवित्र सुरात सांगतात की समोरच्यानं वाकून नमस्कार करावा. इराणमध्ये नतान्झ इथं युरेनियम समृद्ध करण्याचा कारखाना होता. त्याचे कंप्युटरसुद्धा असेच सोवळ्यात होते, बाहेरच्या जगाशी संबंध नाही. २०१० साली ‘स्टक्सनेट’ उघडकीला आला तेव्हा कळलं की तो पेनड्राइव्हवर बसून आत गेला होता आणि तिथल्या गरागरा फिरणाऱ्या यंत्रांचा वेग बिघडवून त्यांचा चुरा करत होता. वर पडद्यावर मात्र ‘सर्व काही ठीक’ असंच दिसत होतं. इराणच्या अणुकारखान्याचं सोवळं टिकलं नाही, तिथं आमच्या झेरॉक्सवाल्या मामांच्या शेजारी बसून सोवळं कसं टिकणार?

तिसरा पंथ कुलीनांचा. यांच्याकडं महागाचा, मागं सफरचंद असलेला कंप्युटर असतो. ‘‘आमच्या कंपनीला व्हायरस होतच नाही’’ हे ते किमतीसकट सांगतात. खुद्द कंपनीही आपल्या जाहिरातीत बरीच वर्षं असंच म्हणत होती, की पीसीचे व्हायरस याला होत नाहीत. २०१२ साली ‘फ्लॅशबॅक’ नावाचा रोग सहा लाखांच्या आसपास सफरचंदांना लागला. त्यानंतर काही महिन्यांतच कंपनीनं ते वाक्य काढून टाकलं आणि ‘सुरक्षित राहील असा बनवलाय’ अशा अर्थाचं मवाळ वाक्य घातलं. कंपनी सुधारली. गिऱ्हाइकं अजून जुनंच वाक्य म्हणतात.

चौथा पंथ सर्वांत मोठा. हा ताईतवाल्यांचा. यांनी एकदा अँटीव्हायरस ‘टाकून घेतलेला’ असतो. ट्रकला लिंबू-मिरची बांधतात तसा. लिंबू-मिरची निदान दर शनिवारी बदलतात! मी एका पतसंस्थेत जातो. तिथं रोज सकाळी कंप्युटर उघडला की कोपऱ्यात लाल चौकट येते, ‘मुदत संपली’. साहेब एका बोटानं ती मिटवतात आणि मग उदबत्ती लावतात. मी एकदा विचारलं तर म्हणाले, ‘‘ते रोजच म्हणतंय.’’ जणू संपलेली मुदत रोज म्हटल्यानं पुन्हा भरत जाते.

हा ताईत चालतो कसा ते कुणी पाहत नाही. पोलीस ठाण्यात सराईत चोरांचे फोटो लावलेले असतात ना, तसा अँटीव्हायरसकडं जुन्या रोगांच्या खुणांचा जुडगा असतो. येणाऱ्याचा चेहरा फोटोशी ताडून पाहायचा. आता जुडगा तीन वर्षांपूर्वीचा असेल तर या तीन वर्षांत जन्मलेला प्रत्येक चोर सभ्य गृहस्थ म्हणून आत येणार. हल्लीचे अँटीव्हायरस चेहऱ्याबरोबर चालही पाहतात हे खरं. पण मुदत संपलेला पहारेकरी काय पाहणार? शिवाय भिंतीलाच भगदाड असेल तर दारातला पहारेकरी काय करील? भगदाडं बुजवायला कंप्युटर अधूनमधून ‘अपडेट’ मागतो, ते आपण ‘नंतर’ म्हणून मिटवतो. २०१७ साली १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ आला. दीडशेच्या आसपास देशांत त्यानं कंप्युटरांना कुलपं घातली आणि किल्लीचे पैसे मागितले. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवायचा चुना-विटा कंपनीनं १४ मार्चलाच फुकट पाठवून दिला होता. मधले दोन महिने सारं जग ‘नंतर’ म्हणत होतं.

त्याच वर्षी २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. तो निघाला युक्रेनमधून, हिशेब ठेवण्याच्या एका प्रोग्रॅमच्या अपडेटवर बसून. आणि थांबला कुठं म्हणाल, तर आमच्या उरणजवळ, न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात. तिथलं एक टर्मिनल चालवणाऱ्या परदेशी कंपनीचे कंप्युटर जगभर पडले आणि इकडं कंटेनरांच्या रांगा लागल्या. युक्रेनमधल्या कुणाच्या तरी वैऱ्यानं केलेली करणी आणि खोळंबले आमच्याकडचे ट्रक! हमरस्त्यावरचा न्याय तो हाच.

इथवर हसण्यासारखं होतं. पुढचं तितकंसं नाही.

कॉसमॉस ही पुण्याची सहकारी बँक, १९०६ सालची. टिळकांच्या काळात जन्मलेली. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएममध्ये कार्ड घातलं की ते बँकेला विचारतं, ‘‘या माणसाला पैसे देऊ का?’’ बँक खातं पाहते आणि उत्तर देते. मधे हा निरोप नेणारी एक यंत्रणा असते. चोरांनी व्हायरस घालून त्या निरोप्याच्या जागी आपला तोतया उभा केला. सदाशिवरावभाऊंचा तोतया ओळखायला पेशवाईला बराच वेळ लागला होता. या तोतयाला काही तासच पुरले. कुणीही विचारो, हा म्हणायचा, ‘‘द्या!’’ २८ देशांत, बारा हजारांच्या आसपास व्यवहारांत, ७८ कोटी रुपये निघाले. देशातल्या देशात २,८४९ व्यवहारांत अडीच कोटी गेले, त्यातले काही आपल्या कोल्हापुरातून. सोमवारी, १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. ठेवीदारांच्या खात्यांना हात लागलेला नाही, असं बँकेनं सांगितलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयानं अकरा जणांना दोषी ठरवलं. तो तोतया ज्यांनी बनवला त्यांचा माग मात्र सातासमुद्रापलीकडं गेला.

हे झालं तेव्हा आमच्या चौकात काय चर्चा झाली असेल? ‘‘पुण्याचं आहे ते. आपल्या पतसंस्थेत कोण येतंय?’’

आता रस्ता प्रत्येकाच्या खिशातूनच जातो. आमच्या शेजारी एक अण्णा आहेत. चार एकर ऊस, माळकरी माणूस. फोन त्यांच्या मुलानं घेऊन दिलेला. मी एकदा सावध राहायला सांगितलं तर हसले. ‘‘मास्तर, माझ्या फोनमधी हाय काय चोरायला? नातवंडांचे फोटू आन दोन-चार भजनं.’’ त्या फोनमध्ये त्यांची बँकही होती, हे त्यांच्या लेखी फोनमध्ये नव्हतं, बँकेत होतं.

लग्नसराईत त्यांना व्हॉट्सॲपवर पत्रिका आली. साडूच्या नंबरवरून. या भागात पत्रिका उघडली नाही तर साडूशी वैर येतं. त्यांनी उघडली. ती पत्रिका नव्हती, ‘एपीके’ नावाची फाइल होती, म्हणजे फोनमध्ये बसणारा एक प्रोग्रॅम. त्यानं परवानग्या मागितल्या, अण्णांनी ‘हो, हो’ करत दिल्या. लग्नघरी कुणी नाही म्हणतं का? त्यानंतर फोनवर येणारे बँकेचे मेसेज, ओटीपी, सगळं परस्पर भलतीकडं जाऊ लागलं. साडूलाही ती अशीच आली होती आणि त्यांच्या फोननं ती स्वतःच सगळ्या पाव्हण्यांना वाटली होती. उसाच्या बिलाचा हप्ता नुकताच जमा झाला होता. सोलापुरात शिकणाऱ्या नातीची फी त्यातून भरायची होती. एका दुपारी एक लाख चाळीस हजार गेले.

अण्णांनी दीड दिवस कुणाला सांगितलं नाही.

या विषयाचा सगळा इतिहास मला त्या दीड दिवसात दिसला. ‘आपल्याला काय होतंय’ असं चारचौघांत म्हणून बसलेल्या माणसाला ‘मला झालं’ हे म्हणणं फार अवघड जातं. पतसंस्थेचे साहेब लाल चौकट मिटवतात ती कशासाठी? आणि व्हायरसला तेच हवं असतं. पैसे या खात्यातून त्या खात्यात सरकत असतात तेव्हाच ते अडवता येतात. त्यासाठी १९३० हा सरकारी नंबर आहे, तो पहिल्या तासात फिरवला तर उपयोग. शेवटी सुनेनं फिरवला. चाळीसेक हजार मधे अडकवता आले. बाकीचे पुढं गेले. कारण मधल्या वेळात अण्णा ओसरीवर माळ ओढत बसले होते आणि आम्ही सगळे जण ‘‘काय अण्णा, बरं चाललंय ना?’’ विचारून पुढं जात होतो.

त्यांना कुणी हसलं नाही. झेरॉक्सवाले मामा आपणहून आले, खाली बसले, आणि म्हणाले, ‘‘अण्णा, आमच्याबी मशिनला कायतरी झालंय वो. चार म्हयनं झालं. सांगितलं न्हाई कुनाला.’’ मी मामांना ओळखतो त्या सगळ्या वर्षांत त्यांनी केलेलं हे सर्वांत धाडसाचं विधान. दुसऱ्या दिवशी दुकानात पाटी लागली, ‘पेनड्राइव्ह आधी तपासला जाईल’. गिऱ्हाइकं कटकट करतात, पण थांबतात. थांबायची सवय चौकाला आहेच.

जुन्या जोशींची कधी कधी आठवण येते. वर्षातून एक दिवस यायचे, नाव सांगायचे, शुभेच्छा घ्यायचे आणि जायचे. हल्लीच्यांना इतकी रीत कुठली! ते आपल्याच साडूचं नाव सांगून येतात.

अण्णांच्या पुतण्याचं लग्न या वैशाखात आहे. पत्रिका छापल्यात, पण फोनवर एकही पाठवायची नाही असा अण्णांचा दंडक. स्वतः घरोघर हिंडतायत, हातात पिवळ्या अक्षतांची पुडी. परवा माझ्या दारात आले, दोन दाणे हातावर ठेवले आणि म्हणाले, ‘‘ह्येला ओटीपी लागत न्हाई, मास्तर. यायचं बरं का.’’